ओ काका, लेफ्ट!

अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर सकाळी पावणेसहाला मागून आवाज येतो, "लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट!" आपण शिस्तीची माणसं. कोणी लेफ्ट म्हटलं की आपण डावीकडे सरकतो. शाळेत पीटीच्या सरांनी तेच शिकवलं, कॉलेजात एनसीसीनं तेच घोटून घेतलं. आपण डावीकडे सरकतो आणि सायकलवाला नेमका तिथूनच येत असतो. ब्रेक किंचाळतो, कोणाची तरी पाण्याची बाटली गडगडत नालीत जाते आणि हेल्मेटच्या आतून विचारणा होते,

"काका, लेफ्ट म्हटलं होतं ना!"

"म्हणून तं लेफ्टले गेलो."

"तुम्ही नाही हो! मी! मी लेफ्टनं येऊन राह्यलो होतो!"

पोरगा वाईट नाही. त्याला जवळ बसवून, नालीतली बाटली त्याच्याकडूनच काढून घेऊन विचारपूस केली, तेव्हा कळलं की ही हाक तो परदेशातले व्हिडिओ पाहून शिकला. ज्या देशातले ते व्हिडिओ, तिकडे वाहनं उजव्या बाजूनं चालतात. हळू चालणारा उजवीकडे राहतो, घाईवाला डावीकडून पुढे जातो आणि जाताना "मी डावीकडून येतोय" असं सांगतो. आपल्याकडे सगळं उलट. आपण डावी बाजू धरून चालणार आणि पुढे जाणाऱ्यानं उजवीकडून जायचं, हे लर्निंग लायसनच्या परीक्षेतही विचारतात. "मंग तू राइट म्हण," मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मागून "राइट, राइट" असा गजर केला. पुढे चाललेल्या दोन प्राध्यापकांनी मागे वळूनही न पाहता "राइट, राइट" म्हणत माना डोलावल्या आणि शैक्षणिक धोरणावरची चर्चा रस्त्याच्या मधोमध पुढे सुरू ठेवली.

छत्री तलाव इंग्रजांच्या काळात गावाला पाणी पाजायला बांधला. आता पाणी अप्पर वर्धा धरणातून येतं आणि तलावाकडे लोक अंगातलं पाणी काढायला जातात. अमरावतीत व्यायामाला नाही म्हणणारा माणूस सापडणं कठीण. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथं 1914 साली निघालं. मंडळाची पोरं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जाऊन देशी खेळ दाखवून आली. तेव्हा हौस आहे, परंपरा आहे. फक्त वेळ नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकला की आठ वाजताच ऊन आंगावर येतं. म्हणून चालणारे, पळणारे, सायकलवाले, सूर्यनमस्कारवाले आणि "मी फक्त हवा खायला आलो" असं म्हणून कट्ट्यावर बसणारे असे सगळे पाच ते सातच्या आत, एकाच रस्त्यावर. गावातल्या फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, गिलावड्याचा ठेला असतो, कोणाच्या तरी बांधकामाची रेती असते. चालायला तेवढी जागा नसते.

आधी पायी चालणाऱ्यांबद्दल. मी त्यांच्यातलाच, त्यामुळे कौतुकानं सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे निवृत्त. निवृत्त माणूस एकामागे एक चालत नाही. नोकरीभर साहेबाच्या मागे चालून झालेलं असतं. आता सगळे एका ओळीत, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. आठव्या वेतन आयोगाचा विषय निघाला की अख्खी ओळ जागच्या जागी थांबते, कारण आकडे चालता चालता सांगता येत नाहीत, हात मोकळे लागतात. अशा वेळी मागून कोणी आलं, तर त्यानं निदान फिटमेंट फॅक्टरचा निकाल लागेपर्यंत तरी थांबावं, अशी आमची अपेक्षा असते.

दुसरे टाळ्यावाले. ते दोन्ही हात पूर्ण फाकवून टाळी वाजवत चालतात. त्यांना ओलांडायचं तर दोन टाळ्यांच्या मधला क्षण साधावा लागतो. तिसरे कानात बोंडं घातलेले. त्यांच्या मागे घंटी वाजवा, शंख वाजवा, ढोलपथक आणा, ते आपले भजनात तल्लीन. चौथे म्हणजे उलटे चालणारे. टोंगळ्यांसाठी हे भल्लं चांगलं असते, असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि तेव्हापासून आमचे एक शेजारी तलावाला पाठ करून तलावाकडे जातात. मागून येणारी सायकल या रस्त्यावर दिसते ती फक्त त्यांनाच. "आली रे, आली!" असं ते ओरडतात आणि आम्ही पांगतो. उपयोगी माणूस. सायकल निघून गेली की तेच पाठीमागच्या विजेच्या खांबावर धडकतात.

सायकलवाल्यांचं दुखणं वेगळं. सायकलची किंमत जसजशी वाढत जाते, तसतसं तिच्यावरचं सामान कमी होत जातं. आधी कॅरिअर जातं. मग स्टँड. मग चेनकव्हर, मडगार्ड. चाळीस हजारांच्या पुढे गेलं की घंटीही जाते. एवढे पैसे मोजून सायकल भिंतीला टेकवून ठेवायची आणि तोंडानं "बाजू, बाजू" ओरडायचं.

माझ्या वडिलांची सायकल राजकमल चौकातून निघाली की गांधी चौकात कळायचं. चेनकव्हर खडखडायचं, मडगार्ड थरथरायचं, डायनामो चाकाला लागून गुरगुरायचा. घंटी वाजवायची गरजच पडत नसे, तरी वडील वाजवत. त्या काळी नगरपालिका सायकलवर कर घेई आणि हँडलखाली लावायला बिल्ला देई. रात्री दिवा नसला की पोलिस अडवायचा. डबलसीट दिसली की चाकातली हवा सोडून द्यायचा आणि तो निघून गेल्यावर दोघंही पायी, मध्ये सायकल. घंटीची वरची वाटी मात्र कधी जागेवर राहत नसे. सिनेमा पाहून बाहेर यावं तर वाटी गायब. मग आतली ती दोन दातेरी चाकं आणि फिरणारे दोन चकतीसारखे तुकडे नुसते उघडे पडलेले. अंगठ्यानं खटका दाबला की ते बिचारे गरगर फिरायचे, पण आदळायला वाटीच नसल्यामुळे आवाज काही निघायचा नाही. वडील इतवाऱ्यातून जुनी वाटी विकत आणायचे. ती आपलीच आहे अशी त्यांना दर वेळी शंका यायची.

आता आवाज नसण्याचं या भागात एक खास संकट आहे. पोहरा-मालखेडचं जंगल गावाला लागून. वडाळीकडे, विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येत असतात, आणि आम्ही पेपर वाचूनच निघतो. धड उजाडलेलं नाही, झाडीत काहीतरी सळसळतंय, आणि मागून एकदम, काही न बोलता, सर्रर्र करत कोणीतरी कानाजवळून जातं. आमच्यातल्या एका काकांना बँकेच्या दोन पायऱ्या चढायला कठडा धरावा लागतो. ते एका झेपेत बाजूच्या कंपाउंडवर. खाली उतरवायला चौघं लागले. सायकलवाला थांबला, माघारी आला आणि आदरानं म्हणाला,

"काका, फिटनेस लय भारी आहे तुमचा."

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "बिबट्या परवडला. थो निदान गुरगुरते तरी."

आमच्यात कोर्टातून निवृत्त झालेले एक जण आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगाला कलम असतं. त्यांनी लगेच काढलं. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं, आधी भारतीय दंड संहितेचं 279, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 281. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर एक हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

"सायकललेबी लागू हाये?"

"कोणतंबी वाहन. बैलबंडी धरून."

"आणि वेगाची मर्यादा?"

"ती मोटार वाहनाले. सायकल मोटार कुठं हाये!"

म्हणजे सायकलवाल्यानं किती जोरात जावं याला हद्द नाही, पण जोरात गेल्याबद्दल आत टाकता येतं. कायद्याचं हे सौंदर्य ते समजावून सांगेपर्यंत आरोपी भानखेड्याच्या पलीकडे पोचलेला होता.

हे भांडण सायकलपेक्षाही जुनं आहे. 1817 साली कार्ल फॉन ड्राइस नावाच्या जर्मन माणसानं दोन चाकांची लाकडी गाडी काढली. पायडल नाही, चेन नाही. वर बसायचं आणि जमिनीवर पाय मारत सुटायचं. रस्ते घोडागाड्यांनी उखडलेले, म्हणून हे लोक गाडी घेऊन फुटपाथवर चढले. लगोलग गावागावांतून बंदी आली. थेट कलकत्त्यातसुद्धा. तेव्हा आपल्या देशात पायडलची सायकल यायच्या कितीतरी आधी सायकलवाल्यांबद्दलची तक्रार येऊन बसलेली होती. इंग्लंडनं 1888 च्या कायद्यात सायकल ही गाडीच आहे असं ठरवून टाकलं, आणि पायी माणसाला ओलांडताना घंटी वाजवून नाहीतर शिट्टी मारून पुरेसं आधी कळवलंच पाहिजे असं लिहून ठेवलं. आमच्या कोर्टवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो हळहळला. "चांगला कायदा होता. त्याचे जामीन काढले असते आपून."

मग माझ्या घरी सायकल आली. पोरगा पुण्यात असतो. पुण्यातल्या पोरांना गावाकडच्या बापाच्या तब्येतीची काळजी ऑनलाइन वाटते आणि ती खोक्यात भरून येते. एकवीस गिअरची सायकल, हेल्मेट, बोटं उघडी असलेले हातमोजे आणि बुडाशी गादी शिवलेली एक तंग चड्डी. ती घालून मी हॉलमध्ये आलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"हे घालून तुम्ही गल्लीतून जाणार?"

"सायकलचा ड्रेस असतो हा."

"सायकलचा असन. तुमचा नाही. वरून लुंगी तरी गुंडाळा."

सायकल जोडून घ्यायला दुकानात नेली, तिथं मी घंटी मागितली. पोट्ट्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानाला भोंगा मागितला. "काका, या सायकलले घंटी नाही लावत कोणी. लूक जाते." लूक जाऊ नये म्हणून मी बिनघंटीचा निघालो.

आणि सांगतो, दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांत माझं मन पालटलं. काल ज्या ओळीत मी स्वतः डावीकडून तिसरा होतो, ती ओळ आज मला असह्य झाली. रस्ता काय यांच्या बापाचा? जरा बाजूनं चालायला काय जातं? सहा निवृत्त माणसांना फिरायला एवढी रुंदी लागते? वेतन आयोग लागला तर काय महामार्ग मागतील! सीटवर बसलं की समोरचा प्रत्येक पायी माणूस आपल्याला मुद्दाम उभा केलेला वाटतो. उतरलं की प्रत्येक सायकल आपल्यावरच सोडलेली वाटते. माणूस तोच असतो. खाली गादी असली की बदलतो.

हाक काय मारावी हा प्रश्न उरला. "साइड" म्हटलं की "कोणती?" असा प्रतिप्रश्न येई. "सरका" म्हटलं की "असं का बोलून राह्यले?" एकदा "राम राम" म्हणून पाहिलं. सगळी ओळ थांबली, वळली, हात जोडले, "राम राम! अरे वा, सायकल केव्हा घेतली? केवढ्याले पडली?" मी त्यांच्यात घुसू नये म्हणून पुढचा ब्रेक दाबला. पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नसतो, ही माहिती खोक्यात मिळाली नव्हती.

पडलो तो हास्य क्लबच्या पुढ्यात. मुंबईत 1995 साली डॉक्टर मदन कटारियांनी पाच माणसांना घेऊन हा प्रकार सुरू केला आणि तो जगभर गेला, तसा तलावावरही आला. तेव्हा तिथं सिंहहास्य चाललेलं होतं. वीस-पंचवीस माणसं जीभ पूर्ण बाहेर काढून, पंजे उगारून, डोळे वटारून माझ्याकडे पाहत हसत होती. मी खाली, चड्डी टोंगळ्याशी फाटलेली, वर सायकल, तिचं मागचं चाक अजून फिरतंय. शिस्त म्हणजे शिस्त. आधी सिंहहास्य पूर्ण झालं. मग मला उचललं. मग "लागलं का हो?" असं विचारलं, आणि मी नाही म्हणताच सगळ्यांनी मिळून "हो हो, हा हा हा" केलं. तो त्यांचा पुढचा प्रकार होता, असं मला नंतर सांगण्यात आलं.

हे सगळं वेगापायी. मोबाईलमधल्या एका ॲपनं तलावाच्या रस्त्याचा एक तुकडा पाडून ठेवलाय. तो सर्वांत कमी वेळात कापेल त्याच्या नावापुढे मुकुट येतो. मुकुट दुपारी तीनलाही मिळवता येतो, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण उन्हात कोण जाणार! तो मिळवायचा सकाळी सहालाच, हास्य क्लब, वेतन आयोग आणि उलटे चालणारे यांच्या मधून. माझा नंबर त्या यादीत शेवटून पहिला आहे आणि तो कोणी हिसकावून घेईल अशी भीती मला वाटत नाही.

एकदा थोडा हिशोब केला. ताशी पंचवीसनं येणारी सायकल एका सेकंदात सात मीटर येते. तीनदा "लेफ्ट" म्हणायला दीड सेकंद लागतो, म्हणजे हाक संपेपर्यंत दहा मीटर संपले. साठीच्या माणसाला आधी ऐकू यायचं, मग ते आपल्याला उद्देशून आहे हे पटायचं, मग बाजू ठरवायची, मग पाय उचलायचा. एवढ्यात गडी पोचलेला असतो. गावातले खरे लांब पल्ल्याचे सायकलवाले असे वागत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. दोनशे किलोमीटरची एक राइड असते, पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनी जगभर चालते. तिला साडेतेरा तास देतात. म्हणजे ताशी जेमतेम पंधरा, चहा-नाश्ता धरून. ती करणारे लोक परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढून येतात आणि तलावापाशी आले की हळू होतात, हात वर करतात, "चाललो हो काका" म्हणून निघून जातात. चिखलदऱ्याला जायचं नसलेलाच माणूस तलावाच्या दोन किलोमीटरवर जीव तोडून पळतो.

आणि सगळ्यांत शहाणा या रस्त्यावर जर कोणी असेल, तर तो जंगलाकडच्या गावातून येणारा दूधवाला. जुनी काळी सायकल, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन कॅन, सायकलच्याच जुन्या ट्यूबनं आवळून बांधलेले. झाकणाखाली फडकं. तो पन्नास पावलांवरूनच घंटी वाजवतो, एकदाच. मग पायडल मारणं थांबवतो आणि सायकल येईल तशी येऊ देतो. तुम्ही सरकलात तर मान हलवतो. नाही सरकलात तर एक पाय खाली टेकवून उभा राहतो आणि तुमचं बोलणं ऐकत बसतो. "चालू द्या बाप्पा, मले घाई नाही. दूध हिंदकळते." आठव्या वेतन आयोगावर त्याचं मत आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं आहे.

त्याच्याकडे पाहून मी शेवटी दुकानात परत गेलो आणि त्या पोट्ट्याला म्हटलं, "लूक जाऊ दे, घंटी लाव." त्यानं तोंड फिरवून लावली. साधी, वाटीची, अंगठ्यानं वाजणारी. दुसऱ्या दिवशी पुढे एक जोडपं चाललेलं होतं. मी लांबूनच ट्रिंग केलं. काका डावीकडे गेले, काकू उजवीकडे. मधला रस्ता माझा. मी खूश. पण आपण वेगळे झालो हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. काका काकूंकडे धावले, काकू काकांकडे. रस्त्याच्या मध्यावर गाठ पडली, तिथं मी होतो.

"अवो, तिकडं कायले गेल्या!"

"मी कुठं गेली? तुम्हीच पळाले मले सोडून! असेच करता तुम्ही नेहमी!"

पुढचं लग्न ठरल्यापासूनचं होतं. मी पाय टेकवून ऐकत उभा राहिलो. दूध नव्हतं, तरी.

तेव्हा सायकलवाल्यांनो, घंटी लावा. इतवाऱ्यात मिळते, आणि हल्ली वाटी कोणी चोरत नाही. लांबून एकदा वाजवा आणि माणूस सरकेपर्यंत हळू व्हा. दोघांतल्या वेगवाल्यालाच हळू होणं शक्य असतं, हळू चालणारा आणखी किती हळू होणार? पायी चालणाऱ्यांनो, दोघांपेक्षा जास्त एका ओळीत नको, वेतन आयोग कट्ट्यावर बसून करा. आणि नवरा-बायको मिळून फिरायला निघत असाल, तर घंटी वाजल्यावर कोणत्या बाजूला सरकायचं ते घरूनच ठरवून निघा.